कॅटलॉग दिसतो, तरी बीबीसी मायक्रो बूट होत नाही: दोष कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या अडगळीतून निघालेला बीबीसी मायक्रो मॉडेल बी, म्हणजे ॲकॉर्न कंपनीचा १९८० च्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर, सुरू होतो. *कॅट दिलं की डिस्कवरच्या फाइलींची यादी व्यवस्थित येते. पण शिफ्ट धरून ब्रेक दाबलं की एका डिस्कला काहीच होत नाही, दुसरीला ‘फाइल नॉट फाउंड’ येतं आणि तिसरीला पडदा गोठतो. यातल्या काही डिस्का मूळ आहेत, काही इंटरनेटवरून उतरवलेल्या इमेजवरून (सगळ्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) बनवल्या आहेत, आणि एसडी कार्डावरही हेच रडगाणं आहे. मग बिघाड डिस्कमध्ये, ड्राइव्हमध्ये की यंत्रात?

या लक्षणांवरून मी म्हणेन की यंत्र शाबूत आहे आणि बहुतेक डिस्काही. या यंत्रावर बूट होणं, म्हणजे डिस्कवरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं, हे फाइलीत काय लिहिलंय एवढ्यावरच ठरत नाही. फाइलीच्या बाहेर, कॅटलॉगमध्ये (डिस्कवरच्या फाइलींच्या सूचीत) नोंदलेल्या काही गोष्टी असतात: बूटचा पर्याय, फाइल मेमरीत कुठे चढवायची तो पत्ता, आणि ती कुठून चालवायची तो पत्ता. आजच्या कॉम्प्युटरवर फाइल म्हणजे नाव आणि मजकूर, बस्स. त्यामुळे नकला करताना मजकूर येतो आणि बाकीचं वाटेत गळतं. शिवाय कॅटलॉग डिस्कच्या अगदी सुरुवातीला असल्यामुळे मागचं सगळं विस्कटलं तरी तो बहुतेक वेळा नीट वाचला जातो. म्हणून ‘यादी दिसते म्हणजे डिस्क चांगली’ हा निष्कर्ष आधी डोक्यातून काढा.

एक सूचना: आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, यंत्रावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. & हे चिन्ह लावलेला आकडा हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला, आहे; त्यात ए ते एफ ही अक्षरं अंक म्हणून येतात.

हे यंत्र आपल्याकडे दुर्मीळ नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून ते देशभरातल्या शाळांत पोचलं, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने ते ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने इथे बनवलंही. त्यामुळे अशी यंत्रं आणि त्यांच्यासोबतचे डिस्कांचे डबे अजून सापडतात. तुमचं यंत्र बरीच वर्षं बंद असेल तर पॉवर सप्लायमधले मेन्सच्या गाळणीचे जुने कागदी कपॅसिटर आधी बदलून घ्या, ते फुटून धूर निघतो. आणि सव्वापाच इंची डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी लांबट खिडकीतून तिचा पृष्ठभाग उजेडात फिरवून बघा. आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके धरतात. अशी एक डिस्क घातली की हेड बरबटतं आणि मग पुढच्या चांगल्या डिस्काही ओरखडतात.

आता मूळ विषय. आधी दाबण्याची पद्धत तपासा, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. ब्रेक ही साधी कळ नाही, ती प्रोसेसरला थेट रिसेट करते, आणि यंत्र सुरू होतं ते ती सोडल्यावर. सुरू होताना ते शिफ्ट दाबलेली आहे का ते बघतं. म्हणून शिफ्ट धरा, ब्रेक दाबून सोडा, आणि शिफ्ट त्यानंतर क्षणभराने सोडा. कीबोर्डच्या छोट्या पाटीवर समोर उजवीकडे आठ लिंक (तारेच्या छोट्या जोडण्या) असतात. त्यातल्या एकीने शिफ्ट-ब्रेकचा अर्थ उलटा होतो: नुसत्या ब्रेकने बूट, शिफ्टसह ब्रेक म्हणजे बूट नाही. पूर्वीच्या मालकाने ती जोडलेली असेल तर सगळंच उलटं वाटेल. तिथल्याच आणखी दोन लिंक ड्राइव्हच्या हेडच्या हालचालीचा वेग ठरवतात; जुन्या संथ ड्राइव्हला वेगवान जोडणी असली तर वाचताना चुका होतात.

शिफ्ट-ब्रेक झालं की यंत्र प्रत्येक रॉमला (कायमचा प्रोग्रॅम असलेल्या चिपला) विचारत जातं, सगळ्यात वरच्या क्रमांकाच्या सॉकेटपासून खाली. जी फाइलिंग सिस्टीम (फाइली साठवण्या-वाचण्याचं काम बघणारा प्रोग्रॅम) आधी ‘मी घेते’ म्हणते तिचं राज्य. तुमच्याकडे मूळ डीएफएस, म्हणजे फ्लॉपी डिस्कची फाइलिंग सिस्टीम, आहे आणि एसडी कार्डासाठी वेगळा रॉम बसवला आहे. दोघांपैकी जो वरच्या सॉकेटमध्ये आहे तो बूट आपल्याकडे ओढून घेईल, आणि तुम्ही फ्लॉपी घालून बसलात तरी तो कार्डावरच शोधत राहील. तेव्हा सुरू झाल्यावर पडद्यावर कोणाचं नाव येतं ते वाचा.

समजा डीएफएसला संधी मिळाली. ती ड्राइव्ह ० वरचा कॅटलॉग वाचते आणि त्यातला बूटचा पर्याय बघते. पर्याय चार आहेत: ० म्हणजे काहीच करू नको, १ म्हणजे !बूट ही फाइल मेमरीत चढव, २ म्हणजे चढवून चालव, ३ म्हणजे तिच्यातला मजकूर कीबोर्डवरून टाइप केल्यासारखा वाच. फाइलीचं नाव काटेकोरपणे !बूट हेच हवं आणि ती $ या डिरेक्टरीत हवी. *कॅट दिल्यावर वर डावीकडे डिस्कचं शीर्षक येतं, शेजारी कंसात एक आकडा, आणि त्याखालच्या ओळीत ‘ड्राइव्ह ०’च्या बाजूला ‘ऑप्शन ३ (एक्झेक)’ असं काहीतरी. यादीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, या ओळीकडे कोणाचंच जात नाही. ज्या डिस्कला ‘काहीच होत नाही’ तिच्यावर इथे ‘ऑप्शन ० (ऑफ)’ दिसेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

हा शून्य येतो कुठून? सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे *कॉपी. *कॉपी ० १ *.* दिलं की सगळ्या फाइली त्यांच्या पत्त्यांसकट दुसऱ्या डिस्कवर जातात, पण बूटचा पर्याय फाइलीचा नसून डिस्कचा असतो, तो जात नाही. *बॅकअप मात्र सेक्टरमागून सेक्टर सगळी डिस्क उतरवतं, कॅटलॉगसकट, म्हणून तिच्यावर पर्याय टिकतो. (त्याआधी *एनेबल द्यावं लागतं, आणि लक्षात ठेवा: *कॉपी, *बॅकअप, *कॉम्पॅक्ट या तिन्ही आज्ञा मेमरीतला प्रोग्रॅम पुसतात.) इलाज सोपा: डिस्कची लिहिण्याची खाच उघडी ठेवून *ऑप्ट ४,३ द्या. ही आज्ञा डिस्कवर लिहिते, त्यामुळे खाच चिकटपट्टीने बंद असेल तर ‘डिस्क रीड ओन्ली’ असं उत्तर येईल.

इमेज फाइलीत हीच दुरुस्ती हेक्स एडिटरने करता येते, आणि ती एकदा डोळ्यांनी बघितली की हा सगळा प्रकार मनात पक्का बसतो. डीएफएसचा कॅटलॉग पहिल्या ट्रॅकच्या (डिस्कवरच्या गोल पट्ट्याच्या) पहिल्या दोन सेक्टरांत (पट्ट्याच्या तुकड्यांत) असतो, २५६ बाइटचा एक. पहिल्यात फाइलींची नावं, दुसऱ्यात त्यांचे पत्ते आणि लांब्या. दुसऱ्या सेक्टरचा, शून्यापासून मोजून, सहावा बाइट, म्हणजे इमेजच्या सुरुवातीपासून &१०६ वा, हा आपल्या कामाचा. ८० ट्रॅकच्या डिस्कवर तिथे &३३ दिसेल आणि त्याच्या पुढच्या बाइटमध्ये &२०. या &३३ मधला डावा ३ हा बूटचा पर्याय. उजवा ३ मात्र निराळाच आहे: तो डिस्कवरच्या एकूण सेक्टरांच्या आकड्याचा वरचा भाग, जो &२० ला जोडला की &३२० होतो, म्हणजे ८००. पर्याय बंद असलेल्या डिस्कवर हाच बाइट &०३ असतो. ४० ट्रॅकच्या डिस्कवर सेक्टर ४००, म्हणजे &१९०, म्हणून तिथे &०१ किंवा &३१, आणि पुढे &९०. पर्याय सुरू करायचा तर फक्त डावा अंक बदला. घाईत &०३ च्या जागी &३० लिहिलंत तर बूट होईल, पण डीएफएसच्या लेखी ती डिस्क ८०० सेक्टरांऐवजी ३२ सेक्टरांची होईल आणि पुढे काहीही साठवायला गेलात की ‘डिस्क फुल’.

आता पर्याय ३ आहे, !बूट आहे, तरी बूट होत नाही, अशी वेळ. मजकूर स्वरूपातली !बूट बहुतेकदा दोन-तीन ओळींची असते, शेवटची ओळ चेन"मेन्यू" अशी (चेन ही प्रोग्रॅम चढवून चालवण्याची, यंत्राच्या बेसिक या भाषेतली आज्ञा). या यंत्रावर ओळीचा शेवट एका बाइटने होतो, &०डी, म्हणजे रिटर्नची कळ. लिनक्सवर किंवा हल्लीच्या मॅकवर तीच फाइल लिहिलीत तर ओळीच्या शेवटी &०ए येतो. बीबीसीच्या लेखी &०ए म्हणजे ‘कर्सर एक ओळ खाली’, रिटर्न नव्हे. ओळ वाचणारं बेसिक हे अक्षर पडद्यावर दाखवतं पण आपल्या ओळीत घेत नाही. परिणाम मोठा फसवा असतो: पडद्यावर मजकूर वेगवेगळ्या ओळींवर दिसतो, पण प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली त्याच्या खालून सुरू होते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. यंत्राच्या हिशेबात ही सगळी एकच लांबलचक ओळ असते, आणि शेवटी रिटर्न नसल्यामुळे कर्सर तिथेच लुकलुकत राहतो. मग कोणीतरी वैतागून रिटर्न दाबतं आणि सगळ्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत यंत्राच्या गळी उतरतात. मिळते ती कसली तरी एरर. पायऱ्या दिसल्या की निदान पूर्ण झालं, पुढे काही शोधू नका. *डम्प !बूट देऊन खात्री करून घ्या: प्रत्येक ओळीच्या शेवटी ०डी हवा. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत ०डी आणि ०ए दोन्ही असतात, तिथे काम चालतं, फक्त मधे मोकळी ओळ सुटते.

सगळ्यात बिनधोक मार्ग म्हणजे ही फाइल यंत्रावरच बनवणं. *बिल्ड !बूट द्या, ०००१ असा ओळ क्रमांक येईल, टाइप करा, रिटर्न, आणि शेवटी एस्केप.

याच फाइलीची आणखी एक खोड आहे, ती मोकळ्या ओळींची. एक्झेक चालू असताना फाइलीतलं प्रत्येक अक्षर कीबोर्डवरून आल्यासारखं पुरवलं जातं, फाइल संपेपर्यंत. चेनच्या ओळीनंतर तुम्ही एखादी रिकामी ओळ सोडलीत तर तो रिटर्न शिल्लक राहतो. आता चेन झालेला प्रोग्रॅम गेट किंवा इनपुट वापरून ‘कोणतीही कळ दाबा’ म्हणत असेल, तर त्याला हा उरलेला रिटर्न मिळतो आणि सूचनांचं पान कोणी वाचण्याआधीच उडून जातं. शाळेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तर ‘तुमचं नाव काय?’ या प्रश्नाला रिकामं उत्तर जातं आणि पोरं ‘आमचं नाव विचारतच नाही’ म्हणून तक्रार करतात. चेनची ओळ शेवटची ठेवा, तिच्यामागे काहीही नको.

पडदा गोठतो त्या डिस्ककडे वळू. तिथे संशय पत्त्यांवर घ्यायचा. *इन्फो *.* दिलं की प्रत्येक फाइलीसमोर आकड्यांचे चार गट येतात: चढवण्याचा पत्ता, चालवण्याचा पत्ता, लांबी, आणि डिस्कवर फाइल सुरू होते तो सेक्टर. बेसिक २ मध्ये सेव्ह केलेल्या प्रोग्रॅमसमोर साधारण एफएफ१९०० आणि एफएफ८०२३ असं दिसतं. मशीन कोडच्या फाइलीसमोर तिचे स्वतःचे पत्ते असतात. हे दोन्ही पत्ते फाइलीच्या मजकुरात कुठेही नसतात. कोणी डिस्कमधून फाइली सुट्या काढून आपल्या लॅपटॉपवर ठेवल्या आणि पुन्हा नव्या इमेजमध्ये भरल्या, की पत्ते गेले. म्हणूनच ही सुटी फाइल नेहमी तिच्या जोडीच्या .आयएनएफ फाइलीसह फिरवायची असते; त्या छोट्या मजकुरात नाव आणि दोन्ही पत्ते असतात. ती जोडी तुटली तर इमेज बनवणारा प्रोग्रॅम तिथे शून्य किंवा असाच काहीतरी निरर्थक आकडा भरतो.

शून्य पत्ता किती वाईट, ते बघा. ६५०२ प्रोसेसरच्या मेमरीची पहिली २५६ बाइट, म्हणजे शून्य पान, यंत्राच्या आणि भाषेच्या रोजच्या कामाची जागा. फाइल तिथे चढली की ऑपरेटिंग सिस्टीमच्या पायाखालची जमीनच सरकते. एरर दाखवायलाही कोणी शिल्लक राहत नाही. गोठलेला पडदा याचाच. मजकुराची !बूट असून पर्याय चुकून २ झाला असेल, तरीही हेच होतं: यंत्र तुमची चेनची ओळ मशीन कोड समजून चालवायला जातं.

यात एक गोष्ट लोकांना हमखास चकवते. निष्काळजीपणे नकललेल्या डिस्कवर बेसिकचे प्रोग्रॅम चालतात आणि मशीन कोडचे चालत नाहीत. बेसिक चेन किंवा लोड करताना कॅटलॉगमधला पत्ता बघतच नाही, पेज (बेसिकचा प्रोग्रॅम मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता) जिथे असेल तिथे प्रोग्रॅम चढवतं. म्हणून पत्ते पुसले गेले तरी त्याचं काही बिघडत नाही. *रन आणि *लोड मात्र कॅटलॉगवर विसंबतात. मेन्यू बेसिकमध्ये आणि खेळ मशीन कोडमध्ये, अशा डिस्कवर मेन्यू झोकात येतो आणि खेळ निवडला की सगळं थंड. लोक खेळाची फाइल खराब म्हणून फेकतात. तिचा एकही बाइट खराब नसतो. मूळ डिस्कवरचे किंवा दुसऱ्या इमेजमधले पत्ते बघून ती योग्य पत्त्यांसह पुन्हा *सेव्ह केली की चालते.

पत्त्याच्या पुढचे दोन एफ कशाला असतात हेही सांगतो. दुसरा प्रोसेसर जोडलेला असेल तर फाइल कोणाच्या मेमरीत जायची ते त्यावरून ठरतं; एफएफ म्हणजे मूळ यंत्राच्या. दुसरा प्रोसेसर नसेल तर याने फरक पडत नाही.

आता पेजचा मुद्दा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण उतरवलेल्या खेळांपैकी पुष्कळ मुळात कॅसेटसाठी लिहिलेले आहेत. कॅसेटच्या यंत्रावर बेसिकचा प्रोग्रॅम &०ई०० पासून सुरू होतो. डीएफएस बसवली की ती &०ई०० ते &१८एफएफ एवढी जागा स्वतःकडे ठेवते; कॅटलॉगची ताजी नक्कलही तिथेच, &०ई०० पासून असते. प्रोग्रॅम सुरू होतो &१९०० पासून. फरक २८१६ बाइटचा. आज हसू येईल, पण मॉडेल बीची एकूण मेमरी ३२ किलोबाइट, त्यातली २० एकट्या मोड २ या पडद्याच्या प्रकारातल्या चित्राला लागतात आणि ते चित्र &३००० पासून सुरू होतं. म्हणजे डिस्कच्या यंत्रावर मोड २ मध्ये प्रोग्रॅमला &१९०० ते &३०००, जेमतेम ५८८८ बाइट उरतात, चल घटकांसकट. कॅसेटवर सुखाने चालणारा प्रोग्रॅम डिस्कवरून ‘बॅड मोड’ किंवा ‘नो रूम’ म्हणतो तो यामुळे. नक्कल अचूक असते, जागा पुरत नाही.

त्यावरची जुनी आणि अजूनही उत्तम युक्ती अशी: प्रोग्रॅम &१९०० वर चढवायचा, *टेप देऊन डीएफएसला बाजूला करायचं, मग सगळा प्रोग्रॅम चार-चार बाइट उचलून &०ई०० वर सरकवायचा, पेज=&ई०० करायचं, ओल्ड आणि रन. हे !बूटमध्ये ओळीने लिहून भागत नाही. *टेप दिल्याक्षणी फाइलिंग सिस्टीम बदलते, एक्झेकची फाइल बंद होते आणि पुढच्या ओळी कधीच येत नाहीत. म्हणून या सगळ्या आज्ञा *की० ने एका फंक्शन कीमध्ये भरायच्या, रिटर्नच्या जागी |एम लिहून, आणि !बूटच्या शेवटच्या ओळीत *एफएक्स १३८,०,१२८ द्यायचं. त्याने ती कळ दाबल्याचा संकेत कीबोर्डच्या रांगेत पडतो आणि बाकीचं काम कळीतला मजकूर करतो. त्याला डिस्कची गरज उरत नाही. एखाद्या इमेजमधली !बूट उघडून असा अगम्य मजकूर दिसला तर तो ‘स्वच्छ’ करू नका, त्याच्यावरच तो खेळ उभा आहे. आणि असा खेळ चालवून झाल्यावर डिस्कवर काही लिहिण्याआधी ब्रेक दाबा, कारण डीएफएसची ती कॅटलॉगची नक्कल खेळाखाली गाडली गेलेली असते.

मास्टर १२८ या नंतरच्या मॉडेलवर ही अडचण नाही; तिथे फाइलिंग सिस्टीमची जागा वेगळ्या मेमरीत असते आणि पेज &०ई०० वरच राहतं. मित्राच्या मास्टरवर चालणारी डिस्क तुमच्या मॉडेल बीवर का चालत नाही, याचं हे एक खरं कारण आहे. एसडी कार्डासाठी एमएमएफएस ही फाइलिंग सिस्टीम वापरत असाल आणि तुमच्याकडे साइडवेज रॅम (रॉमच्या जागी बसणारी जादा मेमरी) असेल, तर तिची साइडवेज रॅमवाली आवृत्ती घ्या. ती आपलं कामकाज त्या रॅममध्ये ठेवते आणि पेज &०ई०० वर मोकळं सोडते. कॅसेटवरच्या खेळांसाठी मला हाच पर्याय सर्वांत पसंत आहे.

‘यादी दिसते पण मागचं विस्कटलेलं’ हा प्रकार तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी फसवणूक एकाच जातीची आहे.

पहिलं, ४० आणि ८० ट्रॅकचा घोळ. ४० ट्रॅकच्या डिस्कवर दोन ट्रॅकमधलं अंतर दुप्पट असतं. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हला ते कळावं म्हणून मागे एक खटका असतो. तो चुकीचा असला तर हेड एक पाऊल टाकून दोन ट्रॅकच्या मधोमध उभं राहतं. पण शून्याचा ट्रॅक दोन्हींत एकाच जागी असतो. म्हणून कॅटलॉग वाचला जातो, पहिल्या ट्रॅकवर बसलेली छोटी !बूटही वाचली जाते, आणि मुख्य प्रोग्रॅमला हात घालताच ‘डिस्क फॉल्ट १८ ॲट ०१/००’. त्यातलं ०१ हाच पुरावा: शून्याच्या लगेच पुढच्या ट्रॅकला अडलं. इथे डिस्क पुसू नका, खटका फिरवा. आणि ४० ट्रॅकच्या जुन्या डिस्कवर ८० च्या ड्राइव्हने लिहू नका. त्याचं अरुंद हेड जुन्या रुंद पट्ट्याच्या मधेच लिहितं आणि मग ४० च्या ड्राइव्हला जुनं आणि नवं एकत्र ऐकू येतं.

दुसरं, इमेजचे प्रकार. एका बाजूच्या इमेजमध्ये (.एसएसडी) ट्रॅक ओळीने असतात. दोन बाजूंच्या इमेजमध्ये (.डीएसडी) ते आळीपाळीने येतात: वरच्या बाजूचा एक, खालच्या बाजूचा एक. कोणी .डीएसडी फाइलीचं नाव बदलून .एसएसडी केलं तर पहिला ट्रॅक जागच्या जागी राहतो, म्हणजे कॅटलॉग आणि त्यामागचे आठ सेक्टर, २०४८ बाइट, बरोबर. त्यापुढे दर दुसरा ट्रॅक भलत्याच बाजूचा. बेसिकचा मोठा प्रोग्रॅम अशा वेळी ‘बॅड प्रोग्रॅम’ म्हणतो. फाइलीचा आकार बघा: २०४८०० बाइटपेक्षा मोठी इमेज एका बाजूची असू शकत नाही.

तिसरं, तुमचं एसडी कार्ड. एमएमएफएसची बीब.एमएमबी ही एकच थोरली फाइल असते, तिच्यात २०० किलोबाइटच्या ५११ डिस्का आणि सुरुवातीला ८ किलोबाइटची त्यांची सूची. बीबीसीवरचा छोटासा रॉम कार्डाची संपूर्ण फाइल व्यवस्था समजून घेत नाही. फाइल कुठे सुरू होते तेवढं शोधतो आणि तिथून पुढे ती सलग आहे असं धरून चालतो. तुम्ही त्याच कार्डावर फोटो ठेवले, काढले, मग ही फाइल टाकली, तर ती तुकड्यांत विखुरते. सुरुवातीच्या डिस्का चालतात आणि एका क्रमांकानंतर सगळा कचरा. कार्ड नव्याने फॉरमॅट करून सगळ्यांत आधी बीब.एमएमबी टाका, मग बाकीचं. कुठली डिस्क पहिल्या ड्राइव्हमध्ये बसली आहे याचा गोंधळ टाळायला *डीबूट आणि डिस्कचा क्रमांक द्या; ती डिस्क बसवून लगेच बूट करते.

मूळ डिस्कांपैकी एखादीवर ‘फाइल नॉट फाउंड’ येत असेल, तर चेनमधलं नाव आणि यादीतलं नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. डीएफएसमध्ये नाव सात अक्षरांचं, त्यापुढचं नकलताना छाटलं जातं. नाव जुळत असेल तर ती डिस्क दुसऱ्या कंपनीच्या डीएफएसवर बनवलेली असू शकते. वॉटफर्डची डीएफएस ३१ ऐवजी ६२ फाइली ठेवू देते, आणि त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या सेक्टरात दुसरा कॅटलॉग लिहिते. ॲकॉर्नच्या डीएफएसला त्याचा पत्ताच नसतो. अशा डिस्कवर ॲकॉर्नच्या डीएफएसमधून काही लिहू नका.

तुमच्या तीन डिस्कांसाठी मी असा जाईन. तिन्हींच्या खाचांवर आधी पट्टी लावा. मग प्रत्येकीवर *कॅट देऊन ऑप्शनची ओळ वाचा, *इन्फो *.* देऊन पत्ते कागदावर उतरवा, *डम्प !बूट देऊन ओळींचे शेवट बघा. ज्या डिस्कला काहीच होत नाही तिला *ऑप्ट ४,३ ने बहुधा पुरेल. त्यापुरती पट्टी काढा. गोठणाऱ्या डिस्कवर पर्याय २ आहे की !बूटचा पत्ता शून्य, ते कागदावरच दिसेल. आणि शाळेच्या मूळ डिस्कांच्या बाबतीत, एखादी एकदा नीट वाचली गेली की तेव्हाच *बॅकअपने तिची पूर्ण नक्कल घ्या, सुट्या फाइली काढत बसू नका. ‘क्लास’च्या काळात शिक्षकांनी स्वतः लिहिलेले धडे त्यात असतील तर त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसेल, आणि पत्ते व पर्याय यांच्यासकट ते जपायचे तर पूर्ण डिस्कच उतरवावी लागते.